अर्ध्या इंचाची चेन

मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. ‘मशीन सुरू करण्यापूर्वी दरवाजा नीट बंद झाल्याची खात्री करा’ वगैरे. काम बेंगळुरूच्या कंपनीचं, बसायचं म्हैसुरात, कुवेंपुनगरातल्या आमच्या भाड्याच्या घरी. त्यातली निम्मी यंत्रं मी डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नाहीत. पण या धंद्यानं एक खोड लावली आहे. प्रश्नाला एकच उत्तर असतं आणि ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. ही खोड घेऊन मी सांगलीहून ज्या घरात सून म्हणून आले, तिथं सरळ उत्तर द्यायची पद्धतच नाही.

नवऱ्याचं घराणं पूर्वी कधीतरी म्हैसूरच्या फौजेत आलेल्या मराठ्यांचं. तलवारी गेल्या, मराठी राहिली, तीही अर्धी कानडी झालेली. सासऱ्यांना मी मामा म्हणते, ही इथली रीत. नवरा त्यांना अप्पा म्हणतो. सासूबाई गेल्यापासून मामा म्हैसुरातच, सरस्वतीपुरमच्या जुन्या घरात एकटेच राहतात. उमेदीच्या काळात ते कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, कॉफीच्या मळ्यांमधून मोठमोठी झाडं पाडायचं काम घेत, आणि त्यासाठी त्यांच्याकडे एक परदेशी बनावटीचा जुना चेनसॉ होता. म्हणजे अजून आहे. हल्लीचे सॉ एका हातात उचलता येतात, हा उचलायचा तर कंबर सांभाळावी लागते. त्याच्यावर अर्ध्या इंचाची चेन चालायची. एवढी मोठी चेन ओढणारं मशीन त्या भागात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, म्हणून मळ्यांवर मामांना नावानं कुणी हाक मारतच नसे. ‘अर्धा इंच आला का?’ असंच विचारत. हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात नवऱ्यानं सांगितलं, आणि नंतरही भेटेल त्याला सांगताना ऐकलं आहे. काहींचे वडील कलेक्टर असतात, याचे अर्धा इंच होते.

आता गोष्ट अशी झाली की म्हैसूरच्या कडेला, हूटगळ्ळीला, आम्ही घर बांधायला काढलं. इकडे घराच्या मुख्य दाराची चौकट बसवायची म्हणजे छोटं लग्नच असतं. बागिलु पूजे म्हणतात, बागिलु म्हणजे दार. उंबऱ्याखाली नवधान्य ठेवायचं, चौकटीला हळद-कुंकू, फुलं, पाहुण्यांना जेवण. सरस्वतीपुरमच्या परसात फणसाचा एक जाडजूड ओंडका पत्र्याखाली वर्षानुवर्षं वाळत पडला होता. मुळं भिंतीत शिरली म्हणून ते झाड मामांनीच पाडलं होतं. चौकट त्याचीच करायची हे ठरलेलं होतं. फक्त ओंडका होता तसा अख्खा बोळातून वळत नव्हता. आधी आजूबाजूला घरं नव्हती, आता तिन्ही बाजूंनी भिंती. जागेवरच त्याचे तुकडे करायचे आणि मग सुताराकडे पाठवायचे.

“अप्पांच्याच सॉनं कापायचा,” नवरा म्हणाला.

“माझ्याच हातानं,” मामा म्हणाले.

इथवर सगळं एका वाक्यात होतं. मी खूश होते.

फक्त चेन हवी होती. जुनी खिळ्याला टांगलेली होती तिचे दात झिजले असतील, असं नवऱ्यानंच ठरवून टाकलं. त्यानं स्वतः सॉला कधी हात लावलेला नाही. लहानपणी त्याला सक्त मनाई होती आणि मोठेपणी तो बँकेत लागला. पण हौस दांडगी. अर्ध्या इंचाची चेन आता कुठं मिळत नाही, दुकानदार हसतात. यानं चिकाटी सोडली नाही. इकडे फोन, तिकडे फोन, शेवटी कोडगूच्या एका मळ्याच्या गुदामात कधी न वापरलेली चेन निघाली, तेलकट कागदात गुंडाळलेली. रविवारी मोटारसायकलनं जाऊन घेऊन आला. दुपारी आम्ही दोघं सरस्वतीपुरमला पोचलो तेव्हा मामा भाजीवाल्याशी घासाघीस करत होते. नवऱ्यानं ती चेन त्यांच्या हातात ठेवली आणि बाजूला उभा राहिला. शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखा चेहरा झाला होता त्याचा.

मामांनी चेन उलटीसुलटी करून पाहिली. एकेका दातावरून अंगठा फिरवला. बराच वेळ.

“बरा आणलास रे,” म्हणाले, आणि आत जाऊन कपाटावर ठेवली.

तिथून जो गोंधळ सुरू झाला, त्याला ताळतंत्र राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, पट्टी खराब आहे. चेन ज्या लांब पोलादी पट्टीच्या खाचेतून फिरते ती पट्टी. नवऱ्यानं ती वर्कशॉपमध्ये नेऊन दाखवली, वर्कशॉपवाला म्हणाला उत्तम आहे. मग मामा म्हणाले, चेन लांबीला जास्त आहे. मग म्हणाले, लांबीला ठीक आहे, पण मशीन ओढणार नाही. “पण अप्पा, आयुष्यभर ओढलं की!” तर म्हणाले, “हौदू, ओढेल. पण ह्या उन्हात बेडा, नको.” ऊन उतरल्यावर विचारलं तर म्हणाले, “एवढ्या मोठ्या चेनला लाकूड ओलं लागतं, हे वाळलंय.” मी म्हटलं, मामा, मग वाळलेल्याला कुठली चेन लागते? तर माझ्याकडे पाहून म्हणाले, “ते मशीनवर असतं गे. सुम्ने, उगाच डोक्याला ताप नको करून घेऊ.”

मी ताप करून घेतला. रात्रंदिवस दुसऱ्यांच्या यंत्रांवर लिहिणारी बाई मी, आपल्या घरच्या यंत्राची चेन मला कळू नये? कॉम्प्युटर उघडून बसले. एक म्हणे, मोठ्या इंजिनाला मोठी चेन. दुसरा म्हणे, छे, मोठ्या इंजिनालाही बारकी चेन द्या, भरभर कापेल. तिसरा म्हणे, जुनी इंजिनं सावकाश फिरतात पण जोर फार, त्यांना मोठे दातच बरे. चौथा म्हणे, जोर होता तेव्हा होता, आता इंजिन थकलं असेल तर मोठे दात लाकडात रुततील आणि सॉ जागच्या जागी बंद पडेल. चौघांचंही खरं वाटत होतं. वर चेनचं माप काढायची तऱ्हा अशी की अर्धा इंच म्हणजे चेनवर अर्धा इंच कुठंच दिसत नाही. एका ओळीतल्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजायचं आणि त्याचं अर्धं करायचं, कारण दोन-दोन रिव्हेटांतलं अंतर सारखं नसतं. ज्यानं हे ठरवलं त्याला एकदा भेटायला हवं. मी लॅपटॉप मिटला तेव्हा सुरुवातीला जेवढं कळत होतं तेवढंही कळेनासं झालं होतं.

पण माझा गोंधळ करमणुकीचा होता. नवऱ्याचा तसा नव्हता.

त्याचे मोठे काका, म्हणजे मामांचे थोरले भाऊ, शेवटच्या काळात सगळं विसरले होते. त्यांची सुरुवात अशीच झाली होती म्हणे. विचारलेल्याचं उत्तर दर वेळी वेगळं. आधी सगळे हसले, मग थकले, मग एक दिवस काकांनी स्वतःच्या बायकोला ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारलं. नवऱ्यानं ते घरात राहून पाहिलं होतं. एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून तो म्हणाला, “जो माणूस नुसत्या आवाजावरून कुठला दात बोथट झालाय ते सांगायचा, त्याला आपल्या सॉला कुठली चेन लागते ते सांगता येत नाहीये.” माझ्या हातात पिठाचा गोळा होता. मी तोच तो पुन्हा मळत राहिले.

“त्यांच्या हातात आता सॉ द्यायचा नाही,” तो म्हणाला. “आणि तिथं एकटंही ठेवायचं नाही. डॉक्टरांना दाखवतो. चौकट गेली खड्ड्यात.”

म्हणजे चेनच्या मापावर आता हे येऊन ठेपलं होतं की मामांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही. डॉक्टरांची वेळही घेतली. मामांना सांगायचं कुणी, तर सुनेनं. या घरात अवघड वाक्य नेहमी बाहेरून आलेल्या माणसाच्या वाट्याला येतं.

गेले मी दुपारी. मामा घरी नव्हते, वाण्याकडे गेले होते. किल्ली माझ्याजवळ होती. परसात ओंडका, ओंडक्याशेजारी लाकडी पेटीवर सॉ, खिळ्याला जुनी चेन. मला वाटलं, एकदा सोक्षमोक्ष लावूनच टाकू. कपाटावरची नवी चेन काढली आणि सॉवर बसवायला बसले. इंजिनाच्या बाजूला चेन ओढणारं दातेरी चाक असतं, त्याच्या खाचांत चेनचे खालचे दात बसायला हवेत. पहिला बसला. दुसरा कसाबसा. तिसरा वर चढून बसला, काही केल्या आत जाईना. मला वाटलं मीच चुकतेय. उलटी करून पाहिली, पुन्हा तेच. मग जुनी चेन खिळ्यावरून काढली आणि नवीच्या शेजारी फरशीवर सरळ पसरली.

जुनी बारीक होती. अगदी नजरेला कळेल इतकी. पर्समधली टेप काढून तीन रिव्हेट मोजले, अर्धं केलं, पुन्हा मोजले. अर्ध्या इंचाच्या आतच. वाचून वाचून पाठ झालेलं आठवलं: अर्ध्याच्या खालचं माप असतं, इंचाचे हजार भाग केले तर त्यातले चारशे चार, म्हणून दुकानात त्याला चारशे चारच म्हणतात. तीच ही. चाकावर लावली, तर हात न लावता बसावी तशी बसली.

मी तिथंच बसून राहिले. ज्याच्या मापावरून माणसाचं नाव पडलं, तो सॉ अर्ध्या इंचाचा नव्हताच.

“ते चाक बदललं मी,” मागून मामा म्हणाले. हातात पिशवी, कधी आले कळलंच नाही.

“कधी?”

“झाली की वर्षं. ही होती तेव्हा.” ही म्हणजे सासूबाई. मामा ओंडक्यावर बसले, पिशवी पायाशी ठेवली. “मशीन थकलं गे. अर्धा इंच दिला की दात मोठा घास घेतात, मशीनला ओढवत नाही, मध्येच बंद. मग मळ्यावर सगळे बघत उभे. एकदा झालं, दोनदा झालं. मग चाक बदललं, चेन स्वल्प बारीक घेतली. पट्टी तीच. वरून कुणाला कळतंय? बारीक चेन थोडं थोडं खाते, पण थांबत नाही. हे झाड त्याच चेननं पाडलं मी.”

“आणि कुणाला सांगितलं नाहीत?”

“कशाला सांगू? सगळे अर्धा इंच, अर्धा इंच म्हणत होते. झाकली मूठ.”

माझा पारा चढला. “मग त्यानं चेन आणली त्या दिवशी का नाही बोललात? एका वाक्याचं काम होतं, मामा!”

मामा नव्या चेनकडे बघत राहिले. “तू बघितलास ना त्याचं तोंड?” म्हणाले. “एवढ्या लांब गाडी हाणत गेला. पोर होता तेव्हा शाळेत सगळ्यांना सांगायचा, माझ्या अप्पाचा सॉ अर्धा इंच. मास्तरनं मला बोलावून विचारलं, काय हो हे अर्धा इंच? आता मी सांगू, अरे, ते केव्हाच गेलं?” मग म्हणाले, “मला वाटलं, काहीतरी कारण सांगत राहू. कंटाळून तोच म्हणेल, जुनीच लावा.”

मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला. बेतानं, हळूहळू सांगायचं असं ठरवून आलेलं सगळं मी एकदम बोलून टाकलं. त्याला काय वाटतंय, थोरल्या काकांची आठवण कशी निघाली, डॉक्टरांची वेळ कुठल्या दिवशीची आहे. म्हटलं, तुमच्या त्या कारणांपायी तुमच्या मुलाला रात्री झोप लागत नाहीये.

मामांचा चेहरा उतरला. पिशवीतली केळी काढून त्यांनी उगाच एकेक ओंडक्यावर मांडली. मला वाटलं, आता म्हणतील, मी आजच सांगतो त्याला.

“मग जाऊन येऊ की डॉक्टरकडे,” ते म्हणाले. “काय, दोन प्रश्न विचारेल. परवागिल्ल, चालतंय की. पण नोडम्मा, बघ हं, हे चाकाचं त्याला सांगू नको.”

आपल्याला वेड लागलंय असं मुलाला वाटलेलं त्या माणसाला चालत होतं. मशीन थकलंय हे कळलेलं चालत नव्हतं. घरी येताना बसमध्ये मला एकदा ते मूर्ख वाटले, एकदा मीच मूर्ख वाटले, आणि आपला स्टॉप कधी गेला ते कळलं नाही.

डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. तरुण होते, छान कानडी बोलत होते. वार विचारला, सकाळी काय खाल्लं विचारलं, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मामांनी सगळं बिनचूक सांगितलं, वर घड्याळाला चावी पण काढली. डॉक्टर म्हणाले, काही काळजी नाही. तरी नवरा उठेना. खुर्चीच्या कडेवर बसून त्यानं विचारलं, “अप्पा, आपल्या सॉला कुठली चेन लागते?”

डॉक्टर गमतीनं बघत होते. मामांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर चारशे चार आलेलं होतं, तीन आकडे, एकच वाक्य.

“अर्धा इंच,” मामा म्हणाले.

नवऱ्यानं रुमाल काढून नाक शिंकरलं. बाहेर येऊन म्हणाला, सर्दी झाली आहे.

आणि लगेच म्हणाला, “रविवारी कापूच मग. चेन मी बसवतो, तुम्ही फक्त बघा.” मामांच्या पोतडीतली कारणं संपली होती. खरं बोलू न शकणाऱ्या माणसाला मी इतकं हतबल झालेलं कधी पाहिलं नव्हतं. रविवारपर्यंत मी नवऱ्याला सांगायचं असं अनेकदा ठरवलं आणि दर वेळी भाजी चिरत राहिले. कुणाशी इमान राखायचं हेच मला कळत नव्हतं. ज्याची झोप उडाली होती त्याच्याशी, की ज्याची मूठ झाकलेली होती त्याच्याशी?

रविवारी सकाळी नवरा बाह्या सरसावून सॉपाशी उकिडवा बसला. मामा दाराच्या चौकटीत उभे, मी चहाचे पेले घेऊन त्यांच्या मागे. आम्हाला त्याची पाठ दिसत होती. पहिला दात बसल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग त्याचे हात थांबले. त्यानं चेन काढली, पुन्हा लावली. बोट चाकावरून एकदा पूर्ण फिरवलं. मग मान वर करून खिळ्यावरच्या जुन्या चेनकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. मामा जागचे हलले नाहीत.

“अप्पा,” तो मागं न वळता म्हणाला. आवाज अगदी साधा होता. “ही नवी कोरी चेन. पुन्हा मिळायची नाही. वाळक्या लाकडात कशाला खराब करायची? जुनीच लावू काय?”

मामांनी माझ्या हातातला एक पेला घेतला. “तुझी मर्जी रे,” म्हणाले.

जुनी चेन त्यानं लावली. सॉ सुरू करायची दोरी त्यानंच ओढली, मामांना आता ती ओढवत नाही. मग त्यानं सॉ त्यांच्या हातात दिला आणि जवळ उभा राहिला, हात पुढे करून, पण न लावता. धूर झाला, आवाजानं शेजारचे गच्चीवर आले. सॉ ओंडक्यात हळूहळू उतरत गेला. मोठा घास नाही, घाई नाही. पिवळाधमक भुसा मामांच्या चपलांवर साचत होता. मशीन एकदाही बंद पडलं नाही. जेवायच्या वेळेला शेवटचा तुकडा सुटा झाला तेव्हा मामांचे हात थरथरत होते आणि ते मोठ्यानं हसत होते. नवरा त्यांच्याकडे न बघता भुसा झाडत होता.

नवी चेन त्यानं पुन्हा तेलकट कागदात गुंडाळली आणि कपाटावर ठेवून दिली. त्याला नक्की काय कळलं, मी विचारलं नाही. त्याला कळलंय हे मामांना कळलं का, तेही मला ठाऊक नाही. माझ्या डोक्यात त्याचं चित्र अजून नीट बसत नाही. दोघंही पूर्वीसारखेच बोलतात, म्हणजे न बोलता.

बागिलु पूजेला हूटगळ्ळीला पाहुणे जमले. फणसाची चौकट हळदीनं आणखी पिवळी दिसत होती. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण बेंगळुरूहून आली होती. लाकडावरून हात फिरवत तिनं विचारलं, हे कुठून आणलंत?

“आमच्या परसातलं,” नवरा म्हणाला. “अप्पांनी स्वतः कापलं. अर्ध्या इंचाच्या चेननं. आता कुणाकडे नाही तसला सॉ.”

मामा खुर्चीवर बसून लाडू खात होते. त्यांनी मान वर केली, आणि त्याच वेळी नवऱ्यानंही माझ्याकडे पाहिलं.

“अर्धा इंच?” मैत्रिणीनं मला विचारलं. माझ्या कामातली नेमकेपणाची खोड तिला माहीत आहे.

“हो,” मी म्हटलं. “अर्धा इंचच.”